माझ्या किल्लीतलं माप

माझ्या गाडीच्या किल्लीला माझं माप पाठ होतं. बटण दाबून दार उघडलं की सीट घुर्रर्र करत माझ्या पायांच्या अंतराला यायची, आरसे माझ्या डोळ्यांकडे वळायचे. बायकोच्या किल्लीला तिचं माप, माझ्या किल्लीला माझं. एखाद्या किल्लीनं शेवटी ज्यानं गाडी चालवली, त्याचं माप गाडी त्या किल्लीत लक्षात ठेवते. लोकांना हे गाडी विकायची वेळ आली तरी ठाऊक नसतं. मला पहिल्या दिवशी ठाऊक होतं, कारण मी जहाजाच्या इंजिनावरचा माणूस. यंत्राबरोबर आलेली पुस्तिका मी पानापानानं वाचतो. घरी सगळे हसतात. हसोत.

तर त्या शनिवारी सकाळी मी घरासमोर उभा होतो. आदल्याच रात्री कोरियाहून आलो होतो. तिथल्या गोदीत आमच्या कंपनीचं जहाज बांधत होते आणि मी त्यावर देखरेखीला, ऑगस्टपासून एप्रिलपर्यंत. नाताळातही सुटी मिळाली नाही. विमानतळावरून तोरुननं, म्हणजे बायकोनं, तिच्या किल्लीनं आणलं. आमची एकुलती एक मुलगी इल्वा हँडबॉलच्या सामन्यांसाठी हाउगेसुंदला गेलेली, संध्याकाळी पाचला परत येणार होती. आणि त्या दिवशी आमच्या वसाहतीचा दुगनाड होता. वसंतात सगळ्यांनी बाहेर पडायचं, हिवाळ्यातला पाचोळा झाडायचा, कुंपणं रंगवायची आणि शेवटी एकत्र वाफल, म्हणजे साच्यातली जाळीदार गोड धिरडी, खायचे. नाही आलात तर कोणी काही म्हणत नाही, फक्त वर्षभर आठवण ठेवतात. मला पाचोळा ट्रेलरमधून कचरा केंद्रावर न्यायचा होता.

ओसरीतल्या खुंटीवरून मी माझी किल्ली घेतली, बटण दाबलं, दार उघडलं. सीट हलली. मागे गेली. थांबेल म्हटलं, तर आणखी मागे गेली. मी आत बसलो तर ब्रेकला पाय पुरेना. मधल्या आरशात मागचा रस्ता दिसायच्या ऐवजी छत दिसत होतं.

मी बुटका नाही. आमच्या ब्रूने गावात उंच माणसांची वानवा नाही, आणि मी त्यांच्यात मध्यम म्हणायचा. तोरुन तर माझ्या खांद्याला लागते. मग माझ्या किल्लीनं, माझ्या गाडीत, माझ्या जागेवर, माझ्याहून लांब पायांचा कोण बसत होता?

तळपायाची आग मस्तकात गेली. सीट पुढे घ्यायला बोट बटणावर नेलं आणि तसंच थांबवलं. आता हलवली आणि गाडी चालवली, तर किल्लीत माझं माप बसेल आणि त्याचं जाईल. पुरावा मी स्वतःच्या हातानं कसा पुसणार? म्हणून मी ट्रेलर जोडला आणि पाठ सीटवरून उचलून, पायांच्या बोटांवर पेडल दाबत, तोंड स्टीअरिंगला लावून कचरा केंद्रापर्यंत गेलो. केंद्रावरच्या बाईनं काच खाली घ्यायला सांगितली.

"पाठ धरलीये का?" तिनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "चांगली आहे पाठ."

डोक्यात किडा वळवळायला लागला की मला एका जागी बसवत नाही. पाचोळा ओतताना, परत येताना, दुसरी खेप भरताना मी उंच माणसं आठवत होतो. तोरुनच्या ऑफिसात नवा साहेब आला होता, डच. ती माणसं जन्मतःच ताडासारखी. तिचा दातांचा डॉक्टर उंच. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा उंच. आणि समोरच्याच घरात राहणारा गाउते. गाउते तर एवढा उंच, की आमच्या दारातून येताना सवयीनं वाकतो. सवयीनं! किती वेळा आला असेल, म्हणजे सवय लागली?

त्या दिवशी मी माणसांच्या तोंडाकडे पाहिलंच नाही. पायांकडे पाहिलं. नऊ महिन्यांनी आलेल्या माणसाला सगळे "या, या, कसं होतं कोरिया?" विचारत होते आणि मी त्यांच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंत मापं घेत उत्तरं देत होतो. वसाहतीच्या अध्यक्ष ओस्लाउगबाई, वय पंच्याहत्तर, वाफलचं भांडं तापवत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचे डोळे चमकले.

"काय रे सिगब्योर्न, गाडी चालवलीस का?"

"चालवली."

"मग? काही वेगळं वाटलं का?" आणि तोंडावर हात ठेवून त्या पोरीसारख्या खिदळल्या.

माझ्या हातातलं फावडं खाली पडलं. म्हणजे यांना माहीत होतं. मी आजूबाजूला पाहिलं, तर कुंपण रंगवणारी दोघं लगबगीनं रंगाच्या डब्यात बघायला लागली. सगळी वसाहत मूग गिळून बसली होती आणि मी एकटाच कोरा.

आमच्याकडे असं काही तोंडावर विचारत नाहीत. विचारलं तर विचारणाराच उघडा पडतो. मी युक्ती केली. गाउतेला हाक मारली, किल्ली त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "जरा गाडी पुढे घे रे, मी ट्रेलरचं मागचं फळकूट धरतो."

फळकूट कसलं धरतो! मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. गाउते वाकला, आत शिरला आणि कोकलला, "आई गं! कोण बसतं रे इथं? गुडघे माझ्या दाढीला लागतायत."

त्यानं हात खाली घातला, तसा मी ओरडलो, "सीट हलवू नकोस!"

"अरे पण..."

"हलवू नकोस म्हणतो ना!"

गाउतेनं माझ्याकडे पाहिलं. मग सीटकडे. मग त्याच्या त्या लांबुडक्या तोंडावर हळूहळू हसू पसरलं.

"हां हां. आलं लक्षात."

"काय आलं लक्षात?"

"काही नाही."

"गाउते, आपण वीस वर्षांचे शेजारी. बोल."

"तोरुनला विचार बाबा. मी शब्द दिलाय." तो घडी उलगडल्यासारखा बाहेर आला, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि खराटा घेऊन पळाला.

म्हणजे गाउते नव्हता. गाउतेहून आखूड, माझ्याहून लांब. मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. गाउते असता तर निदान चेहरा तरी माहीत होता. आणि शब्द कसला? कुणाला दिलेला?

ट्रेलर सोडवून मी तडक घरात गेलो. बूटही काढले नाहीत. आमच्या घरात ते पाप आहे. तोरुन स्वयंपाकघरात पावावर चीज कापत होती. माझे बूट पाहून तिची भुवई वर गेली.

"कोण आहे तो?" मी विचारलं.

"कोण तो?"

"माझ्याहून लांब पायांचा. माझ्या गाडीत बसतो. माझ्या किल्लीनं. सगळ्या वसाहतीला माहीत आहे, ओस्लाउगबाईसुद्धा खिदळतायत, गाउते शब्द देऊन बसलाय. मी तिकडे नऊ महिने लोखंडाची धूळ खातोय आणि इथं माझी जागा दुसऱ्याच्या मापाची झाली. नाव सांग त्याचं."

मला वाटलं होतं ती चिडेल, किंवा रडेल, किंवा खोटं बोलेल. तिन्हींची तयारी करून आलो होतो. तिनं चीजची सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा उतरला आणि मग कोरा झाला. तसा तो मी तिच्या आईच्या अंत्यविधीला पाहिला होता.

"हे तू विचारतोयस," ती म्हणाली. "मला."

"विचारतोय."

ती फ्रीजपाशी गेली, दारावरचं कॅलेंडर उचललं, त्याच्यामागून काहीतरी चपटं काढलं आणि कापडी पिशवीत घातलं. "इल्वाची बस यायची वेळ झाली. तुझी किल्ली खिशात ठेव. माझ्या किल्लीनं जाऊ."

"मी काय विचारलं?"

"ऐकलं. चल. आणि मागे बस."

"माझ्या गाडीत मी मागे?"

"मागे."

मागे बसलो. ती गाडी चालवत होती आणि मी तिच्या मानेकडे पाहत होतो. एवढ्या वर्षांत मी या गाडीत मागे कधी बसलो नव्हतो. वाटेत एकदा वाटलं, ती मला त्याच्याकडेच नेतेय, कुठल्यातरी वळणावर तो लांब पायांचा उभा असेल आणि ती म्हणेल, हा बघ. हात खिशातल्या किल्लीवर आवळले गेले. आमच्या येरेनच्या सपाट किनारपट्टीवरचं वारं गाडीला बाजूनं ढकलत होतं.

क्रीडाभवनासमोर बस उभी होती. मुली उतरत होत्या. मी गाडीतून उतरून इल्वाला शोधायला लागलो. आमची इल्वा म्हणजे चिमणी. लहानपणी वर्गाच्या फोटोत कायम पहिल्या रांगेत, खाली बसलेली. ती इतरांच्या मागे दडली असेल म्हणून मी टाचा उंचावल्या. पुढून एक उंच पोरगी बॅग उडवत धावत येत होती. मी तिला वाट द्यायला बाजूला झालो.

ती माझ्यावर येऊन आदळली. माझं नाक तिच्या हनुवटीवर आपटलं.

"पप्पा!"

चेहरा तोच होता. दर रविवारी मोबाइलच्या पडद्यावर पाहत होतो तोच. पण पडद्यावर तोंड दिसतं, पाय दिसत नाहीत. नऊ महिने ती पलंगावर बसून माझ्याशी बोलत होती, आणि पलंगावर बसलेल्या सगळ्यांची उंची सारखीच असते. मी मान वर करून माझ्या मुलीकडे पाहिलं. जानेवारीत ती सोळा वर्षांची झाली होती. सोळाव्या वर्षी आमच्याकडे शेजारी मोठं माणूस बसवून गाडीचा सराव करता येतो. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. यंत्राच्या पुस्तिकेतलं पानन्‌पान पाठ असणाऱ्याला हेही माहीत होतं. फक्त ते तिला लागू होतं हे सुचलं नाही.

"मम्मा, सांगितलंस ना!" इल्वा तोरुनवर उखडली.

"मी नाही. गाडीनं सांगितलं."

"शी! मी स्वतः विमानतळावर घ्यायला येणार होते. मग या मॅचेस आल्या." तिनं माझ्यापुढे हात पसरला. "दे."

"काय?"

"किल्ली. माझी. म्हणजे तुझी."

मी दिली. तिनं बटण दाबून दार उघडलं आणि सीट तोरुनच्या मापावरून घुर्रर्र करत मागे गेली, आणखी मागे गेली, आणि जिथं थांबली तिथं माझी मुलगी नीट मावली. गुडघे बरोबर, पाय बरोबर. तोरुननं पिशवीतून पांढरी पाटी काढली, तिच्यावर लाल अक्षरात एल. तिनं ती गाडीच्या मागे खटकन चिकटवली आणि शेजारच्या सीटवर बसली. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. मी पुन्हा मागे.

इल्वा सुरेख चालवत होती. चौकात थोडी लवकर थांबली. माझा पाय आपोआप गाडीच्या तळाशी दाबला गेला, पण मी तोंड मिटून घेतलं.

"रागावलास?" आरशातून तिनं विचारलं. "मीच म्हटलं होतं, पप्पाला सांगायचं नाही. मम्मानं ती ओर्रेच्या किनाऱ्यावरची गोष्ट सांगितलीये. तू तिला गाडी शिकवायला नेलंस, आणि मम्मा गाडी रस्त्यात सोडून चालत घरी आली. म्हटलं आधी नीट येऊ दे, मग दाखवू. तू ओरडतोस."

"मी नाही ओरडत!"

"हे बघ."

तोरुन हसली नाही.

"पण माझीच किल्ली का?" मी विचारलं. "नवी करता आली असती."

"मम्मा म्हणाली होती करू. मला तुझी हवी होती." ती वळणावर लक्ष ठेवून बोलत होती, त्यामुळे सहज बोलून गेली. "तू नव्हतास ना. किल्ली तरी खिशात. आठवतं, लहानपणी आम्ही विमानतळाबाहेर गाडीत बसलेलो असायचो, आणि तू लांबूनच बटण दाबून धरायचास? चारही काचा एकदम खाली! मला वाटायचं वारंच तुला घेऊन येतं. आता मी दाबते. हनुवटीखाली धरली की आणखी लांबून चालते, तूच सांगितलेलं."

मी बाहेर बघायला लागलो.

"मग सीट बघून तुला काय वाटलं पप्पा?"

मी सीटबेल्ट उगाच ओढून पाहिला. तोरुन समोर रस्त्याकडे पाहत होती. तिच्या एका वाक्यात माझं घरातलं सगळं पितळ उघडं पडलं असतं, आणि तिनं ते वाक्य बोलावं असंच मला वाटलं.

"त्याला वाटलं सीट बिघडली," तोरुन म्हणाली. "दुरुस्तीला न्यायला निघाला होता."

"पप्पा! तू? तुला कळलं नाही?" इल्वा हसत सुटली. मीही हसलो. तसं हसणं मला आयुष्यात पुन्हा नको.

घरी आल्यावर इल्वा उरलेल्या वाफलांचा वास घेत आत पळाली, किल्लीसकट. तोरुन गाडीपाशी थांबली.

"नऊ महिने," ती म्हणाली. "दर रविवारी तुझ्या खोलीतला तो हिरवा पडदा मला तुझ्या मागे दिसायचा. त्या पडद्यामागे कोण आहे, असं मी एकदा तरी विचारलं?"

"नाही."

"का नाही विचारलं?"

मी गाडीमागची ती पांढरी पाटी उगाच सरळ करायला लागलो.

"मला प्रश्नच पडला नाही, सिगब्योर्न. मोठं मन होतं म्हणून नाही. पडलाच नाही." आणि ती आत गेली.

घरात जायचं धाडस होईना. अंगणात उभं राहिलं तर ओस्लाउगबाई येतील. मी गाडीत जाऊन बसलो, इल्वाच्या सीटवर. पाय पेडलपर्यंत पोचत नव्हते. सीट पुढे घ्यायचं बटण हाताशी होतं, दाबलं नाही. स्टीअरिंगवर बोटं वाजवली, आरसा पाहिला, छत पाहिलं, खिसे चाचपले. मला धड बसता येत नव्हतं, उठता येत नव्हतं. कोरियात एवढं मोठं इंजिन बिघडलं तर कुठून सुरुवात करायची हे मला कळतं. इथं कळेना.

एकदम चारही काचा खाली गेल्या. संध्याकाळचं गार वारं आत घुसलं आणि शेणखताचा वास. आमच्या येरेनमध्ये एप्रिलला असाच वास असतो. मी वर पाहिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीत इल्वा उभी होती, हनुवटीखाली किल्ली धरून, दात काढून हसत. मी हात हलवला. मला रडू येत होतं आणि मी येऊ दिलं.

मग तिच्या बाजूला तोरुन आली. तिनं इल्वाच्या हातातून किल्ली घेतली. काचा चारही वर आल्या. आणि कुलूप वाजलं. एकदा. मग दुसऱ्यांदा.

दोनदा दाबलं की दारं आतूनही उघडत नाहीत. चोरानं काच फोडली तरी त्याला दार उघडता येऊ नये म्हणून ही सोय आहे. आणि वर, आत कोणी हललं तर गाडी बोंब ठोकते. हे बहुतेकांना माहीत नसतं. तोरुनला माहीत होतं, कारण दोन वर्षांपूर्वी मीच तिला पुस्तिका समोर धरून शिकवलं होतं, आणि पुस्तिकेत ठळक अक्षरात लिहिलंय, आत माणूस असताना असं कधीही करू नये. ती तेव्हा म्हणाली होती, कधी उपयोग होणार याचा?

मी हललो नाही. हललो असतो तर सगळी वसाहत बाहेर आली असती. नाक खाजत होतं. ओस्लाउगबाई वाफलचं भांडं काखेत घेऊन समोरून गेल्या, मला पाहून थांबल्या, हात हलवला. मी फक्त डोळे मिचकावले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या लाजून पुढे गेल्या.

खिडकीत आता कोणी नव्हतं. आयुष्यात मी इतका वेळ शांत बसलो नव्हतो. आधी राग आला, मग भीती वाटली की ती येणारच नाही, आणि मग सकाळपासून डोक्यात वळवळणारा किडा थांबला आणि त्याच्याजागी नुसती लाज राहिली.

तोरुन आली. तिच्या हातात कॉफीचे दोन पेले होते, किल्ली दातांत. तिनं दातांनीच बटण दाबलं, कोपरानं कसंबसं दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसली आणि एक पेला मला दिला.

"बोल," ती म्हणाली. "सकाळी जे वाटलं ते सगळं."

"मला वाटलं दुसरा कोणी आहे."

"अजून."

"डच साहेब. दातांचा डॉक्टर. ऑर्गनवाला."

"ऑर्गनवाला?" तिचा ओठ जरा हलला, पण तिनं आवरलं. "अजून."

"मी घाबरलो होतो. वाटलं, मी तिकडे आणि इथं माझी जागा भरून गेली. मला तुझी लाज वाटते तोरुन. म्हणजे माझी. माझीच."

ती कॉफी प्यायली. मग सीटकडे, माझ्या लोंबकळणाऱ्या पायांकडे पाहिलं.

"ही किल्ली इल्वाचीच राहू दे," ती म्हणाली. "तू दुसरी करून घे. आणि उद्या सकाळी तिला सरावाला न्यायचंय. शेजारी तू बस. पण एकदा जरी तोंड उघडलंस तर..."

तिनं किल्ली माझ्यापुढे धरली.

"दोनदा," मी म्हणालो.

ती हसली नाही. पण कॉफी संपेपर्यंत गाडीतून उतरलीही नाही.